एक व्हिडिओ, अनेक पडदे: वेळ जुळवायची कशी?

तीर्थपुरीसारख्या गावात हरिनाम सप्ताहाच्या मंडपात दोन-तीन एलईडी पडदे लावले, की ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे, ही अडचण हमखास येते. उपाय क्रमाने असे:

१. स्रोत एकच ठेवावा. स्वतंत्र पेनड्राइव्हवरून एकदम ‘प्ले’ दाबले तरी पडदे हळूहळू मागे-पुढे होतात. एका लॅपटॉपचा किंवा मिक्सरचा सिग्नल स्प्लिटरने सगळीकडे न्यावा. लांब अंतरासाठी एचडीएमआयपेक्षा एसडीआय केबल भरवशाची.

२. सर्वत्र रिझोल्यूशन आणि फ्रेमरेट सारखेच ठेवावेत. 25 फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद.

३. टीव्हीवर ‘गेम मोड’ लावावा. चित्र सुधारणाऱ्या प्रक्रिया बंद होतात आणि उशीर घटतो.

४. मग आवाज. तो सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे 30 मीटरवर जवळपास 90 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. मागच्या स्पीकरला तेवढाच ‘डिले’ द्यावा, नाहीतर शब्द दोनदा ऐकू येतो. आवाज चित्राच्या आधी आलेला लगेच खटकतो. थोडा मागून आलेला खपून जातो.

५. स्वतंत्र प्लेअर वापरणे भागच असेल, तर ते एकाच नेटवर्कवर जोडून एकाला मुख्य करावे आणि बाकीचे त्याच्या घड्याळावर चालवावेत.

६. शेवटी चाचणी. कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवावी आणि प्रत्येक पडद्याजवळ उभे राहून हात मिळणे व आवाज जुळतात का, ते पाहावे. फरक दिसला तर डिले थोडा-थोडा बदलावा.