काळा घोडा आणि मोंढ्यातला भाव

ख्रिस्ती धर्मग्रंथातले शेवटचे पुस्तक म्हणजे प्रकटीकरण. त्याच्या सहाव्या अध्यायात कोकरा, म्हणजे ख्रिस्त, एका गुंडाळीचे शिक्के एकेक करून फोडतो आणि चार घोडेस्वार निघतात. पांढऱ्या घोड्यावरच्या स्वाराकडे धनुष्य आहे, तांबड्यावरच्याकडे तलवार, आणि फिकट घोड्यावर तर साक्षात मृत्यू बसलेला. तिसरा घोडा काळा. त्याच्या स्वाराच्या हातात शस्त्र नाही, तराजू आहे. तो निघताच एक आवाज भाव पुकारतो. गहू दिनाराला एक माप, जव दिनाराला तीन मापे. आणि तेलाला, द्राक्षारसाला हात लावायचा नाही अशी वर ताकीद.

जगाच्या अंताचे चित्र रंगवताना कोणी बाजारभाव कशाला सांगेल? या एका प्रश्नामागे मी कित्येक वर्षे लागलेलो आहे. मी परभणीच्या मोंढ्याजवळ वाढलो. तिथे भाव पुकारला जातो तेव्हा काय होते ते रोज पाहत आलो. सौदा पुकारणारा ढिगाशी थांबतो, खरेदीदार मूठभर ज्वारी उचलून तळहातावर पसरतात, एखादा दाणा दाताखाली धरून ओल बघतात. बोली दोन-चार वाक्यांत मिटते. ढिगाचा मालक या सगळ्यात एक शब्द बोलत नाही, त्याची नजर फक्त पुकारणाऱ्याच्या तोंडाकडे असते. मग काटा, मग कडता, मग पट्टी. वर्षभराची मेहनत एका आकड्यात येते ती इथे. त्यामुळे तराजू हातात घेतलेला घोडेस्वार मला कधी परका वाटला नाही. तलवारवाल्यापेक्षा तोच जास्त ओळखीचा वाटला.

थोडी पार्श्वभूमी सांगून टाकतो. हे पुस्तक योहान नावाच्या ख्रिस्ती द्रष्ट्याने एजियन समुद्रातल्या पात्म बेटावर पाहिलेल्या दर्शनांचे आहे. बहुतेक अभ्यासक ते सम्राट डोमिशियनच्या अखेरच्या काळातले, म्हणजे इ. स. 95च्या सुमाराचे मानतात. आजच्या तुर्कस्तानातल्या इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया या सात शहरांतल्या मंडळ्यांना ते लिहिले आहे. अर्थ लावणाऱ्यांच्या चार वाटा आहेत. कोणी ते पहिल्या शतकातल्या घडामोडींचे वर्णन मानतो, कोणी त्यात चर्चच्या साऱ्या इतिहासाचा आराखडा शोधतो, कोणी सगळे अजून घडायचे आहे म्हणतो, तर कोणी त्यात सर्वकाळचा सत्य-असत्याचा झगडा पाहतो. सीरियाई ख्रिस्ती लोकांच्या जुन्या पेशित्ता बायबलमध्ये हे पुस्तकच नव्हते आणि मार्टिन ल्यूथरनेही सुरुवातीला त्याच्याबद्दल शंका घेतली होती. आपल्या मराठवाड्यात ख्रिस्ती धर्म रुजला तो मुख्यतः एकोणिसाव्या शतकात, निजामी राजवटीत. 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेले बेथेल गाव हा त्यातला ठळक टप्पा. एवढी ओळख पुरे. आता घोड्याकडे वळू.

दिनार म्हणजे त्या काळच्या मजुराची एक दिवसाची हजेरी. मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याच्या मालकाने मजुरांशी ठरवलेली मजुरी हीच. मापाचे ग्रीक नाव कोयनिक्स. ते साधारण एक लिटरचे, म्हणजे एका माणसाचे एका दिवसाचे धान्य. पर्शियाचा राजा झर्क्सीज याच्या अफाट सैन्याला रोज किती धान्य लागत असेल याचा हिशेब इतिहासकार हेरोडोटसने माणशी एक कोयनिक्स धरूनच केला आहे. म्हणजे काळ्या घोड्याच्या बाजारात दिवसभर राबलेला माणूस गहू घेईल तर त्याचे स्वतःचेच पोट भरेल, बायको-मुले उपाशी. जव घेईल तर तिघे कसेबसे जगतील, पण मीठ, सरपण, अंगावरचे कापड, घरभाडे यांना एक पैसा उरणार नाही. जव हे गरिबाचे आणि जनावरांचे धान्य. रोमन सैन्यात शिक्षा झालेल्या तुकडीला गव्हाऐवजी जव देत. आपल्याकडे पोळी सणावाराला आणि भाकरी रोजची, असे जे दोन धान्यांत अंतर होते, तसेच ते.

हा भाव नेहमीच्या किती पट, याचे उत्तर एका शिलालेखात सापडते, आणि या विषयातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट तीच आहे. तुर्कस्तानातल्या यालवाच गावाजवळ पिसिदियातले अंत्युखिया हे जुने शहर होते. तिथला एक लॅटिन शिलालेख इ. स. 92-93च्या सुमाराचा आहे, म्हणजे प्रकटीकरणाच्या काळाच्या अगदी आसपासचा. लांबलेल्या कडक हिवाळ्याने धान्याची टंचाई झाली, तेव्हा रोमन अधिकारी लुकियस अँटिस्टियस रस्टिकस याने हुकूम काढला. ज्याच्याकडे जे धान्य असेल ते त्याने जाहीर करावे. स्वतःच्या घरखर्चाचे आणि बियाण्याचे ठेवून बाकीचे शहराच्या धान्य खरेदीदारांना विकावे. आणि भाव एका मोडियसला एक दिनार याच्या वर जाऊ नये. टंचाईपूर्वी हाच भाव आठ-नऊ अस होता असेही त्यात नमूद आहे. सोळा असांचा एक दिनार आणि साधारण आठ कोयनिक्सचा एक मोडियस.

आता कागद-पेन्सिल घ्या. सरकारने दुष्काळात ठरवलेली कमाल मर्यादा दिनाराला आठ मापे. काळ्या घोड्याचा भाव दिनाराला एक माप. म्हणजे दुष्काळी कमाल भावाच्या आठ पट आणि साध्या दिवसांच्या भावाच्या चौदा ते सोळा पट. हे गणित मी पहिल्यांदा वहीत मांडले त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या ओळीला शतकानुशतके गूढ म्हटले गेले, ती ऐकताना त्या सात शहरांतल्या मजुराला काही गूढ वाटले नसणार. त्याला भाव कळत होता.

आता तेल आणि द्राक्षारस. त्यांना धक्का का लावायचा नाही? एक उत्तर असे देतात की ऑलिव्ह आणि द्राक्षवेलींची मुळे खोल जातात, त्यामुळे एका वर्षाच्या अवर्षणात त्या तगतात. म्हणून हा मर्यादित दुष्काळ समजावा. हे उत्तर चुकीचे नाही, पण मला ते अपुरे वाटते. रोमन चरित्रकार स्युटोनियस लिहितो की द्राक्षारसाचा सुकाळ आणि धान्याचा दुष्काळ पाहून डोमिशियनने इटलीत नवे द्राक्षमळे लावायला बंदी केली आणि प्रांतांतले निम्मे मळे तोडायचा हुकूम सोडला. आशिया प्रांताच्या वतीने स्मुर्ण्याचा नामांकित वक्ता स्कोपेलियन सम्राटापुढे गेला आणि हुकूम बारगळला. स्मुर्णा म्हणजे त्या सात शहरांपैकीच एक. फ्रेंच पंडित सालोमों रेनाक याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा हुकूम आणि ती ताकीद यांचा संबंध दाखवून दिला. सगळे अभ्यासक तो मानत नाहीत, मी मानतो. चांगल्या जमिनी बड्या लोकांच्या मळ्यांखाली, त्यांचा माल जहाजांनी परदेशी, आणि शहरातला मजूर बाहेरून येणाऱ्या धान्यावर अवलंबून, अशी ती व्यवस्था होती. पाऊस हुकला की कोण मरणार आणि कोण तरणार हे आधीच ठरलेले. त्या ताकिदीत मला हीच व्यवस्था बोलताना ऐकू येते.

परभणीत बसून हे वाचले की मन आपोआप आपल्या रानाकडे जाते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी पाथरी-मानवत भागात आले आणि ऊस वाढला. जिरायतीत कापूस आणि सोयाबीन पसरले, ज्वारीचे रान आक्रसले. नगदी पिकाने शेतकऱ्याच्या हातात पैसा आला, मुले शिकली, हे मी नाकारत नाही. पण टँकर गावात फिरत असतानाही ज्या पिकाचे पाणी तुटत नाही, ते कोणते आणि कोणाचे, हा प्रश्न काळा घोडा मला दर उन्हाळ्यात विचारतो.

1972च्या दुष्काळाच्या आठवणी आमच्या घरात अजून निघतात. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची, मुलांना सुकडी मिळायची आणि रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो. त्याची भाकरी थापताना तुटायची, असे आई सांगायची. त्याच दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. अमर्त्य सेन यांनी 1981 सालच्या आपल्या ग्रंथात मांडले की बाजारात धान्य असूनही ते विकत घेण्याची ऐपत गेली की माणसे मरतात. योहानाने अर्थशास्त्र लिहिले नाही, पण त्याच्या दर्शनातही धान्य संपलेले नाही. ते आहे, मोजून मिळते आहे. फक्त मजुराच्या आवाक्यात नाही.

धान्य मोजून मिळणे ही खूण योहानाने जुन्या करारातून उचलली आहे. लेवीय पुस्तकात दहा बायका एकाच भट्टीत भाकरी भाजतात आणि तोलून वाटतात, असा शाप येतो. यहेज्केल संदेष्ट्याला रोज वीस शेकेल वजनाचे अन्न तोलून खायला सांगितले जाते. शोमरोनच्या वेढ्यात गाढवाचे डोके ऐंशी शेकेलांना विकले गेल्याचा भावही राजांच्या पुस्तकात नोंदला आहे. अल्ब्रेख्त ड्यूररने 1498 साली या चार स्वारांचे जे प्रसिद्ध काष्ठचित्र केले, त्यात अगदी मधोमध, सगळ्यांत उठून दिसणारा स्वार तराजूवालाच आहे.

मराठीत हे पुस्तक ज्यांनी मूळ भाषेवरून आणले त्यांत पंडिता रमाबाई आहेत. त्यांचे आई-वडील आणि बहीण 1870च्या दशकातल्या दुष्काळात अन्नावाचून गेले. 1896-97च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला आणल्या. आयुष्याच्या अखेरपर्यंत त्या बायबलच्या भाषांतरावर खपत होत्या. 1922 साली त्या गेल्या आणि 1924 साली त्यांचे बायबल छापून निघाले. सहावा अध्याय मराठीत उतरवताना त्यांच्या डोळ्यांपुढे काय आले असेल, याचा विचार मी नेहमी करतो.

या पुस्तकातला बाजार आपल्या मराठवाड्यापर्यंत पोचतो, म्हणून इथे थोडे तेरला जाऊन येऊ. प्रकटीकरणाच्या अठराव्या अध्यायात बाबेल, म्हणजे सांकेतिक नावाने रोम, कोसळते आणि व्यापारी रडतात, कारण त्यांचा माल घ्यायला आता कोणी उरलेले नसते. मालाची यादी अठ्ठावीस जिनसांची आहे. सोने, मोती, रेशीम, हस्तिदंताची कामे, दालचिनी, तेल, द्राक्षारस, गहू. आणि सगळ्यात शेवटी माणसांचे जीव, म्हणजे गुलाम. हस्तिदंत वाचून मी दर वेळी थांबतो. व्हेसुव्हियसच्या इ. स. 79च्या स्फोटात गाडल्या गेलेल्या पाँपेईत 1938 साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्या जवळच्या नात्यातली मूर्ती आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मिळाली आहे, तशीच एक जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही. तेरच्या संग्रहालयात मी मुद्दाम गेलो, त्या काळच्या वस्तूंपुढे बराच वेळ उभा राहिलो. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठण आणि तगर, म्हणजे हेच तेर, दोन्ही येतात. इथला माल बैलगाड्यांनी भडोचला जात असे. ज्या व्यापाराच्या पडझडीवर योहानाचे व्यापारी छाती बडवतात, त्याचे एक टोक गोदावरीच्या खोऱ्यात होते. हे पुस्तक मराठवाड्याला परके नाही, ते यासाठी.

मग 666? तेराव्या अध्यायातल्या श्वापदाच्या त्या आकड्याशिवाय कोणाचे समाधान होत नाही. आधार कार्ड आले तेव्हा, करोनाची लस आली तेव्हा, हीच ती श्वापदाची खूण असे काळजीने सांगणारी माणसे मला भेटली. सर्वांत भक्कम उलगडा असा आहे: हिब्रूत प्रत्येक अक्षराला अंकमूल्य असते आणि ‘नेरोन कैसर’, म्हणजे सम्राट नीरो, या अक्षरांची बेरीज 666 होते. शेवटचा ‘न’ गाळला तर 616, आणि इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या एका प्राचीन पपायरसवर नेमका हाच आकडा मिळाला आहे. सांकेतिक लिखाण आपल्याला नवे नाही. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ या सांकेतिक लिपीत जपले. पण आकड्याच्या नादात लोक त्याच्या आधीचे वाक्य सोडून देतात. ही खूण नसेल त्याला खरेदी-विक्री करता येणार नाही, असे तिथे म्हटले आहे. इथेही बाजारच!

म्हणून माझे म्हणणे ठाम आहे. या पुस्तकाचे वेळापत्रक करू नये. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी ख्रिस्ताच्या पुनरागमनासाठी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख धरली, कित्येकांनी पिकेसुद्धा रानात तशीच सोडली आणि दिवस इतर दिवसांसारखाच मावळला. तारखा काढणारे त्यानंतरही थांबले नाहीत. एका बायबल अभ्यासात मी हे बोललो तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, “मग आगमनाची आशाच सोडायची का?” मुळीच नाही. आशा या पुस्तकात ठासून भरली आहे, फक्त ती पंचांगात शोधायची नाही.

सहावा, तेरावा, अठरावा आणि शेवटचे दोन अध्याय एका बैठकीत वाचा. आधी मजुराची हजेरी गिळणारा भाव, मग खूण असेल त्यालाच उघडा असलेला बाजार, मग माणूसही मालाच्या यादीत घालणाऱ्या व्यापाराचा अंत, आणि त्यानंतर नवे शहर. त्या शहरात जीवनाचे झाड दर महिन्याला फळ देते, त्याची पाने राष्ट्रांच्या आरोग्यासाठी असतात आणि तहानेल्याला जीवनाचे पाणी फुकट मिळते. सहाव्या अध्यायात दिनार मोजणारे पुस्तक शेवटच्या पानावर मोल घेणेच थांबवते. तराजूवाल्या स्वाराला योहानाने दिलेले उत्तर हे आहे, आणि जगाचा अंत कधी, या प्रश्नापेक्षा ते मला कितीतरी मोठे वाटते.