फितीवर राबणारे सूर

मेलोट्रॉन हे वाद्य दिसायला पेटीच्या घराण्यातले. पण त्याची पट्टी दाबली म्हणजे सूर नव्याने निर्माण होत नाही, कोणा वादकाने पूर्वी वाजवून ठेवलेला सूर ऐकू येतो. प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असतो. तो सुमारे ८ सेकंद चालतो आणि संपतो. बोट उचलले की स्प्रिंग त्याला मागे ओढते. कॅलिफोर्नियातील हॅरी चेंबरलिन यांच्या यंत्रावरून बर्मिंगहॅमच्या ब्रॅडली बंधूंनी १९६३ साली हे वाद्य काढले.

ब्रिटनमधील वादकांच्या युनियनने त्याला हरकत घेतली. तिला कोणी अडाणी म्हणोत, आम्ही म्हणणार नाही. व्हायोलिनवाला एकदा वाजवून घरी जातो. त्याचा सूर मात्र गावोगावच्या मैफलींत राबत राहतो. त्या राबण्याची मजुरी कोणाची?

रॉकवाल्यांची गोष्ट निराळी. माइक पिंडर याच कारखान्यात नोकरीला होता; पुढे ‘मूडी ब्लूज’मध्ये त्याने हेच वाद्य गाजवले. (यंत्राच्या खोडी कामगारालाच ठाऊक!) १९६७ सालच्या बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’च्या आरंभीची बासरी यातलीच. या मंडळींना हुबेहूब नक्कल नकोच होती. फीत डगमगल्याने सुराला येणारा कंप त्यांना हवा होता. ‘किंग क्रिम्झन’ने १९६९ च्या आपल्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत तो मनसोक्त वापरला.