लेहच्या थंडीत डिझेल गाडी सुरू होत नाहीये?

हिवाळ्यात लडाखला स्वतःची गाडी नेणाऱ्यांनो, आधी स्टार्टरचा आवाज ऐका.

🔋 नुसती टिकटिक, दिवे मंद? बॅटरी उतरली. जंप स्टार्ट द्या. काळ्या केबलचं शेवटचं टोक इंजिनाच्या उघड्या धातूला लावा. बॅटरी गोठून फुगली असेल तर जंप नको.

⛽ स्टार्टर जोरात फिरतोय, पण इंजिन पेटत नाही? साध्या डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबला असणार. फिल्टरवर गरम पाण्यात पिळलेलं फडकं ठेवा. टाकीखाली जाळ अजिबात करू नका!

🔑 ग्लो प्लगचा दिवा विझल्यावरच स्टार्टर मारा, तोही सलग १० सेकंदांहून जास्त नाही.

इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं विंटर डिझेल आणलं. पोचताच तेच भरा.