सोन्याचे पाणी आणि चिमूटभर मीठ

काचेच्या पेल्यात माणकासारखे लाल पाणी आहे. हे सोन्याचे पाणी, असे सांगितले तर चटकन पटत नाही. पण सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगू लागले की पिवळेपणा जातो आणि लाली येते. आता त्यात चिमूटभर मीठ टाका. पाणी बघता बघता निळे पडते आणि मग तळाशी साका बसतो. मायकेल फॅरेडे यांनी मिठाने होणारा हा रंगबदल लंडनमध्ये 1857 साली नोंदवला.

कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर सारतात. मिठातले धनभारित सोडियम भोवती जमले की हा जोर ओसरतो आणि कण एकमेकांना चिकटतात.

याची काळजी कशासाठी? 1928 साली सर सी. व्ही. रामन यांनी दाखवले, की पदार्थाने विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग रंग बदलतो. हा बदल म्हणजे त्या रेणूची ओळख. पण ती फार पुसट असते. 1974 साली साउथॅम्प्टन विद्यापीठात चांदीच्या खडबडीत पृष्ठभागावर ती अनपेक्षितपणे ठळक दिसली. सोन्या-चांदीचे सूक्ष्म कणही हेच करतात. त्यामुळे लेशमात्र विष किंवा औषध हुडकता येते.

अडचण अशी, की ते शोधायचे असते रक्तात, लघवीत, समुद्राच्या पाण्यात. सलाइनच्या एका लिटरमध्ये 9 ग्रॅम मीठ असते, समुद्राच्या पाण्यात सुमारे 35. तिथे कण क्षणाक्षणाला गोळा होत जातात. आत्ताचे मोजमाप दहा मिनिटांनी जुळत नाही. अशा आकड्यावर रुग्णाचे औषध कसे ठरवायचे?

उपाय आहे कणांना अंगरखा घालण्याचा. फॅरेडे यांनी जिलेटिन वापरले होते. आज पॉलिमरचे धागे किंवा सिलिकाचे कवच वापरतात. पण अंगरखा जाड झाला तर रेणू धातूपाशी पोचत नाही, आणि धातूचा प्रभाव तर काही नॅनोमीटरपुरताच. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. शिवाय खूण सर्वांत ठळक उमटते ती दोन कणांमधल्या अरुंद फटीत! म्हणजे कण एकमेकांपासून फार लांब राहूनही चालत नाही.

म्हणून काही संशोधक मीठ मोजून घालतात, कणांना थोडे जवळ येऊ देतात आणि लगेच पॉलिमर घालून तिथेच थांबवतात. पाक एकतारी झाला की आपण पातेले उतरवतो ना, तसेच. क्षणभर उशीर झाला, की पाक बिघडतो आणि मोजमापही.