ध्येयनिष्ठांची शाळा

शाळा म्हटली, की इमारत, बाके व फळा डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु शाळेचा खरा पाया याहून निराळा असतो. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे.

१८७९ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरीचा त्याग केला. शिक्षण स्वस्त व सुलभ व्हावे आणि ते देणारी शाळा आपल्याच लोकांनी चालवावी, हा त्यांचा हेतू होता. वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झालेले तरुण बाळ गंगाधर टिळक त्यांना येऊन मिळाले आणि जानेवारी १८८० मध्ये शाळा सुरू झाली. संस्कृतचे पंडित वामन शिवराम आपटे हेही लवकरच आले. १८८१ साली गोपाळ गणेश आगरकर आले. मोठ्या पगाराच्या जागा या विद्वानांना सहज मिळाल्या असत्या. पण त्यांनी अल्प वेतनावर शिकविण्याचे व्रत पत्करले.

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज निघाले. संस्था वाढली, तसे मतभेदही वाढले. आजीव सभासदांनी बाहेरची कामे करून मिळकत करावी काय, हा प्रश्न निघाला. टिळकांना ते मुळीच मान्य नव्हते. अखेर १८९० साली त्यांनी राजीनामा दिला. आगरकर मात्र संस्थेतच राहिले व १८९२ साली कॉलेजचे प्राचार्य झाले.

स्नेही दुरावले, तरी शाळा बंद पडली नाही. ती आजही चालू आहे. ध्येय फलकावर लिहिणे सोपे असते; त्यासाठी स्वतःचे सुख बाजूस सारणारी माणसे लाभली, तरच शाळा उभी राहते.