बादियान मागितले, तर कोणती पुडी बांधाल?

मुंबई-गोवा महामार्गावर खेड आणि चिपळूण यांच्या दरम्यान लोटे हे गाव आहे. औद्योगिक वसाहतीमुळे ते रसायनांच्या कारखान्यांचे गाव म्हणून सर्वांना माहीत झाले. पण कारखाना आला की कामगार येतो आणि कामगाराच्या मागोमाग वाणसामानाचे दुकान येते. अशाच एका दुकानात आम्ही मध्यंतरी तासभर बसलो होतो. मसाल्याच्या धंद्याची माहिती घ्यावी एवढाच हेतू होता. परंतु तेथे जे पाहिले ते आमच्या व्यापारी बांधवांपुढे ठेवणे आम्हाला अगत्याचे वाटते.

एक वयस्क खाला हकीमसाहेबांची चिठ्ठी घेऊन आल्या. म्हणाल्या, "बाद्यान दे रे बाबा, पन्नास ग्रॅम." दुकानदाराचा हात चक्रीफुलाच्या बरणीकडे गेला. आपल्या कोकणात मसाल्याचे बाद्यान म्हणजे चक्रीफूलच. झाकण काढता काढता त्याने सहज विचारले, "खाला, मसाल्याला ना?"

"नाही रे, सुनेला काढा करून द्यायचाय. उरला तर बाळालाही दोन चमचे पाजीन."

दुकानदाराने झाकण परत लावले आणि चिठ्ठी मागून घेतली. चिठ्ठीत 'बादियान' असे लिहिलेले होते. त्याने बडीशेप तोलली, पुडी बांधली आणि म्हणाला, "हकीमसाहेबांनी लिहिलंय ते हे. सुनेला द्या. बाळाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही पाजू नका."

चक्रीफूल बडीशेपेपेक्षा बरेच महाग असते. म्हणजे त्या एका प्रश्नाने त्याचा गल्ला कमीच भरला. पण तो प्रश्न त्याने का विचारला, हे समजून घेण्यासारखे आहे.

नाव एक, माल निराळा

युनानी वैद्यकात 'बादियान' म्हणजे बडीशेप. हकीमांकडचा अर्क बादियान हा बडीशेपेचाच अर्क. चक्रीफुलाला युनानीत 'बादियान खताई' म्हणतात. खता हे चीनचे जुने नाव, म्हणजे 'चीनची बडीशेप' असा त्याचा अर्थ. बाजारात येता येता 'खताई' गळून पडले आणि हकीमाचे बादियान व मसालेवाल्याचे बाद्यान ही दोन निराळ्या मालांची नावे ऐकायला एकसारखी झाली.

तिसरा माल म्हणजे अनीसून, आपल्याकडे 'विलायती बडीशेप'. अरब देशांत त्याला यान्सून म्हणतात आणि चहासारखे उकळून पितात. आखातात नोकरी केलेल्या आपल्या भावांना ते चांगले माहीत आहे. चौथा माल बाळंतशेप, म्हणजे शेपूच्या भाजीचे बी. बाळंतिणीला जेवणानंतर ओवा-तिळाबरोबर ती चघळायला देण्याची रीत आहे.

बडीशेप, अनीसून आणि बाळंतशेप या तिन्ही धणे-जिऱ्याच्या कुळातल्या लहान रोपांच्या बिया आहेत. चक्रीफूल मात्र एका सदाहरित झाडाचे वाळलेले फळ असून त्याचे कूळच वेगळे आहे. ते मुख्यतः दक्षिण चीन आणि व्हिएतनाममधून येते. वास जुळतो, कारण बडीशेप, अनीसून आणि चक्रीफूल या तिन्हींच्या तेलात ॲनेथॉल हे एकच द्रव्य मुख्य असते. पण वास जुळला म्हणून माल एक होत नाही.

माल ओळखावा कसा?

बडीशेपेचा दाणा लांबट, हिरवट-पिवळा असून त्यावर उभ्या रेघा ठळक असतात. अनीसूनचा दाणा लहान, करडा-तपकिरी असतो. त्यावर बारीक लव असते आणि पुष्कळदा टोकाला छोटे देठ राहिलेले असते. बाळंतशेप चपटी असून तिला फिकट कडा असते. चक्रीफुलाला बहुधा आठ पाकळ्या असतात आणि प्रत्येक पाकळीत एक चकचकीत बी असते.

बडीशेपेची मोठी बाजारपेठ गुजरातमध्ये उंझा येथे आहे. मुखवासाची बारीक, हिरवी 'लखनवी' बडीशेप कोवळी असतानाच काढतात, म्हणून तिला भाव जास्त मिळतो. याच हिरवेपणापायी काही ठिकाणी जुन्या मालाला रंग लावतात. चार दाणे ओल्या पांढऱ्या कापसावर चोळून पाहावेत. कापूस हिरवा झाला तर तो माल परत करावा.

चूक झाली तर

चक्रीफुलाचा एक जपानी भाऊबंद आहे. त्याचे नाव शिकिमी. दिसायला तो जवळपास तसाच, पण विषारी. जपानात त्याचा उपयोग धूप-उदबत्तीसाठी करतात. त्यातील विषाने उलट्या होतात, आकडी येते. खरी फळे आणि ही फळे नुसत्या नजरेने खात्रीने वेगळी करता येत नाहीत, आणि तुकडे किंवा पूड असेल तर मुळीच नाही. २००३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चक्रीफुलाचा चहा पिऊ नये असा जाहीर इशारा दिला. तेव्हा सुमारे ४० जण आजारी पडल्याची नोंद झाली होती आणि त्यांत सुमारे १५ तान्ही मुले होती. पोटदुखीवर म्हणून घरच्यांनीच त्यांना हा चहा पाजला होता.

म्हणून चक्रीफूल हे मसाल्याचे, काढ्याचे नव्हे. अख्नीत किंवा खिम्यात एखाददुसरे फूल घालावे. तान्ह्या मुलाला त्याचे पाणी कदापि पाजू नये. सहा महिन्यांपर्यंत मुलाला केवळ आईचे दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. मोठ्या माणसाला जेवणानंतर चमचाभर बडीशेप चघळल्याने किंवा तिचा कोमट काढा घेतल्याने पोट फुगणे कमी वाटते. मात्र गरोदर स्त्रीने डॉक्टरांना विचारावे, आणि पोटाचे दुखणे दोन-तीन दिवसांत थांबले नाही तर दवाखाना गाठावा.

आणखी एक गैरसमज आहे. बर्ड फ्लूच्या काळात, २००५ साली, टॅमिफ्लू या औषधासाठी चक्रीफुलाला मोठी मागणी आली आणि भाव चढले. कारण त्या औषधाचा कच्चा माल, शिकिमिक आम्ल, या फळातून काढत असत. परंतु कच्च्या मालापासून औषध होईपर्यंत किती प्रक्रिया कराव्या लागतात, हे लोट्याच्या कामगाराला सांगायला नको. चक्रीफूल चावून फ्लू बरा होत नाही.

दुकानदार बांधवांसाठी

प्रत्येक बरणीवर मालाचे पूर्ण नाव लिहावे: 'बडीशेप (बादियान)', 'चक्रीफूल (बादियान खताई)'. चक्रीफूल अखंड आणि खात्रीच्या पेढीकडूनच घ्यावे. चुरा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. माल हवाबंद डब्यात, उन्हापासून दूर ठेवावा. कोकणच्या पावसाळ्यात ओल लागली की बुरशी धरते आणि वास उडून जातो. म्हणून दळलेला मसाला थोडाच ठेवावा.

औद्योगिक वसाहतीजवळच्या बांधवांना एक खास विनंती आहे. भंगारात मिळणारी रसायनांची रिकामी पिंपे कितीही धुतली तरी त्यांत खाण्याचा माल भरू नये. मसाला वास लगेच धरतो, आणि ज्याला वास नाही तेही त्यात उतरू शकते.

सर्वांत शेवटी, तराजूला हात घालण्यापूर्वी विचारावे, "मसाल्याला की औषधाला? कोणासाठी?" या प्रश्नाला पैसा लागत नाही. त्या खाला परत निघाल्या तेव्हा दुकानदाराला म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात मसाल्याचं सगळं सामान तुझ्याकडूनच नेईन." आमच्या मते हीच धंद्याची बरकत.