फुटलं, मोडलं, तुटलं

क्वालालंपूर, ता. १२

मलेशियात सगळे फाडफाड इंग्रजी बोलतात असं तुम्हाला वाटतं ना? मलाही वाटायचं. मग शेजारच्या काक (आपल्या 'ताई'सारखं संबोधन) मुलाची निबंधाची वही घेऊन आल्या. त्याची एसपीएम, म्हणजे इथली बोर्डाची परीक्षा, तोंडावर. त्यानं लिहिलं होतं, १९४१ साली जपानी फौजा कोता बारूला उतरल्या आणि युद्ध 'ब्रेक अप' झालं!

मी ऐटीत समजवायला बसलो. युद्ध, आग, साथ 'ब्रेक आउट' होतात. कैदीही होतो. पण साथीचा 'आउटब्रेक', कैद्याचा मात्र 'ब्रेकआउट'. ज्वालामुखी 'इरप्ट' होतो, फुगा 'बर्स्ट'. पोरगा म्हणाला, "असं का?" माझी ऐट तिथेच संपली. त्याच्या मलयमध्ये युद्ध आणि ज्वालामुखी दोन्ही 'मलेतुस' होतात. साथ म्हणजे 'वाबाक', मग ती कोविडची असो की इथल्याच एका गावाचं नाव मिळालेल्या निपाहची. आपल्याकडे तरी काय, युद्धाला तोंड फुटतं. त्याचंही 'का' मला कुठे सांगता येतं!

दुसऱ्या दिवशी दुपारच्या वादळी पावसात काक बाजारातून आल्या त्या कुरकुरतच. छत्रीची काडी 'पाताह', पिशवीचा बंद 'पुतुस', अंडी 'पेचाह'. मी थबकलो. काडी मोडली, बंद तुटला, अंडी फुटली! तिन्ही जिथल्या तिथे. इंग्रज बिचारा तिन्ही वेळा 'ब्रोक' म्हणून मोकळा.

आणि आपण? माझ्या भाचीच्या इंग्रजी शाळेत वर्गात मराठी शब्द निघाला की दंड. तिला कुणी फुटणं-मोडणं-तुटणं धरून 'ब्रेक' शिकवला असता, तर पोरीनं रडत पाठांतर केलं नसतं. इथेही गोंधळ आहेच. २००३ साली गणित-विज्ञान इंग्रजीत नेलं, २०१२ पासून पुन्हा मलयकडे वळवलं. आपल्या सेमी-इंग्रजीवाल्यांनी हे वाचून फार खूश होऊ नये, भांडणं तीच आहेत. पण वर्गात मलय शब्द उच्चारला म्हणून पोराला दंड झाल्याचं काकांच्या घरी तरी कुणी ऐकलेलं नाही. मी विचारलं तर त्या माझ्याकडेच संशयानं बघायला लागल्या.

पोरानं मात्र धडा पुढे रेटला. "तुमच्यात मन पुतुस होतं की पाताह?"

"मोडतं."

"म्हणजे पाताह. आमच्यातही." मग जरा थांबून, "आणि प्रेम?"

"तुटतं."

"पुतुस!" तो खूश. स्वयंपाकघरातून काकांनी हाक मारली. पेचाह झालेल्या अंड्यांचं ऑम्लेट तयार होतं.